भिवराबाई कुत्रं फिरवायला जाते

हिसका बसला तो थेट खांद्यापर्यंत. धान्याच्या मोंढ्यामागची लांबलचक भिंत संपली, वळणावर रस्ता एकदम मोकळा झाला आणि पिंट्यानं मान खाली घालून असा काही ओढा घेतला की भिवराबाईच्या एका पायातली चप्पल मागंच राहिली. ‘अगं बया बया बया!’ करत ती थोडी फरफटत गेली, दोराला मनगटाचा वेढा देऊन कसंबसं त्याला थांबवलं, त्याला बाबापुता करत मागं येऊन चप्पल पायात सरकवली आणि तिला हसूच फुटलं. एकटीला. भर रस्त्यात. सत्तरीला टेकलेली बाई, डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरलेला, हातात परक्याचं कुत्रं, आणि हसतेय! दुधाच्या कॅना लावलेल्या मोटरसायकलवरचा माणूस वळून बघत गेला. बघ म्हणावं, डोळे भरून बघ. तिच्या छातीत धडधडत होतं, पण ही धडधड दवाखान्यात सांगण्यासारखी नव्हती. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पाळणा वर जायला लागतो तेव्हा पोटातून जे काही उठतं, ते होतं हे. आणि ते थांबू नये असं तिला वाटत होतं. तिनं दोर जरा सैल सोडला. पिंट्यानं पुन्हा ओढलं. ती पुन्हा त्याच्यामागं निघाली, या खेपेला चपलेत पायाची बोटं घट्ट दाबून.

जनावरानं ओढत न्यायची ही तिची पहिलीच वेळ. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, कारण तिचा अख्खा जन्म जनावरांबरोबर चालण्यात गेलेला. पण मेंढरं कुठं माणसाला ओढतात? मेंढरं मागून हाकायची असतात. पुढं तिचा नवरा आप्पाराव, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून, त्याच्यामागं मेंढरांचं सगळं खांड, त्याच्यामागं घोडं, घोड्यावर भांडीकुंडी, रात्री मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, घोंगड्या, पाटीत झाकलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी अंगावरचं लेकरू, आणि या सगळ्याच्या मागं भिवराबाई. पाऊस सरला, शेतं रिकामी झाली की हा फिरता संसार, त्यांचा वाडा, गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरायचा आणि उन्हाळा तापून सरत आला की परत डोंगराकडं चढायचा. असं किती वर्षं? जेवढी वर्षं अंगात जोर होता तेवढी. पण वाट कशी होती म्हणून विचाराल तर तिला धड सांगता यायचं नाही. धुरळा होता एवढं सांगेल. धुरळ्यात मेंढरांची ढुंगणं होती, घोड्याची शेपटी होती, आणि लांब पुढं नवऱ्याचं तांबडं पागोटं दिसलं न दिसलं असं व्हायचं. रस्ता म्हणून जो काही असतो, समोर, मोकळा, कुणाचीही पाठ मध्ये न येता, तो तिनं असा कधी बघितलाच नव्हता. आज तो समोर होता. डांबरी, दोन्ही कडांना वाळलेलं गवत, पुढं चढ, आणि चढाच्या पलीकडं काय आहे ते दिसत नाही. दिसत नाही! याचीच तर गंमत. पिंट्याच्या एका मागच्या पायात जरासा लंगडेपणा राहिला होता, तरी चढावर तो असा लागला होता की जणू पलीकडं त्याच्यासाठी कुणी ताट वाढून बसलंय.

तीन वर्षं झाली मेंढरं विकून. आप्पाराव गेला, एकट्या बाईच्यानं खांड कसं सांभाळायचं, आणि मुलगा सोमेश्वर तर लाइनमन झालेला, पाटोद्यात सिमेंटचं घर बांधलेलं. ‘माय, लई चाललीस आता. बस,’ असं तो म्हणाला आणि ती बसली. किती प्रेमानं म्हणाला होता! सूनबाई स्वप्नाही चांगल्या घरची, हातात चहा, हातात ताट, बसल्या जागी सगळं. भिवराबाई पलंगावर बसली, खुर्चीत बसली, ओट्यावर बसली, आणि बसून बसून तिचे गुडघे सुजले. नांदत्या घरात तिला सकाळी डोळे उघडावेसे वाटेनात. डॉक्टर म्हणाला, चाला. मग ती गच्चीवर चालायला लागली, पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल, खळ्यावरच्या बैलासारखी, आणि चार दिवसांत तिला त्याची शिसारी आली. अशातच एका संध्याकाळी कॉलनीत रोहिणी आली. जनावरांची डॉक्टरीण, पोरसवदा, केस कापलेली, पायात बूट. मोंढ्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तिनं जखमी, टाकून दिलेली कुत्री ठेवलेली. ती त्याला निवारा म्हणायची आणि गाव त्याला कुत्र्याचा कोंडवाडा म्हणायचं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांपुढं उभं राहून ती म्हणाली, ‘आजी, आजोबा, सकाळी एखादा तास मोकळा असेल तर या. कुत्र्यांना फिरवायचंय. पगार नाही. चहा मिळेल.’ म्हातारे खोकले. शेजारची रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘घ्या! आता कुत्र्यामागं हिंडायचं तेवढं राहिलं होतं.’ भिवराबाईच्या कानांनी त्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. चालायचंय. तिचा हात आपोआप वर गेला, शाळेत कधी न गेलेल्या बाईचा हात, आणि वर गेल्यावर तिलाच कळेना की आता तो खाली कसा घ्यायचा.

घरात त्या रात्री चांगलीच जुंपली. ‘लोक काय म्हनतील? लाइनमनची माय कुत्री फिरवती?’ सोमेश्वर म्हणाला. ‘पगार किती?’ ‘पगार न्हाई.’ ‘मग कावून जायचं?’ भिवराबाई नुसती हट्टाला पेटली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नीट जेवली नाही. शेवटी स्वप्नाच म्हणाली, ‘जाऊ द्या हो आत्याबाईंना. चेहरा बघा, कधीचा असा दिसला नव्हता.’ सोमेश्वरनं बोट उगारून सांगितलं, ‘जा. पन कायबी झालं, पडलीस, चावलं, कोनाची तक्रार आली, त्याच दिवशी बंद. मग रडू नको माझ्यापाशी.’ तिनं मान डोलावली. त्या ‘बंद’ची तिला खरीखुरी भीती बसली. बंद म्हणजे पुन्हा पलंग, पुन्हा ओटा, पुन्हा ती टाकी. तिथं परत जाण्यापेक्षा, तिनं मनाशी पक्कं केलं, मी पिंट्यापुढं लोटांगण घालीन पण पडणार नाही. आणि गेला आठवडाभर ती पडली नाही. रोहिणी बरोबर असायची. मोंढ्याच्या भिंतीला वेढा घालायचा, चालत चालत आपोआप शेडच्या दारात यायचं, चहा प्यायचा, घरी. आज सकाळी रोहिणीला एका गाभण म्हशीसाठी घाईनं निघावं लागलं. जाता जाता तिनं दोर भिवराबाईच्या हातात दिला. ‘आजी, आज तुम्ही एकट्याच. जमेल ना?’ जमेल ना! भिवराबाईनं असा दोर धरला की जसा सोन्याचा गोफच हातात आलाय.

चढ संपला. पलीकडं ज्वारी होती. हुरड्यात आलेली, उंच, दोन्ही बाजूंनी, आणि वाऱ्यानं पानं एकमेकांवर सळसळत होती. भिवराबाई थांबलीच. पिंट्यालाही थांबावं लागलं, त्यानं वळून तिच्याकडं बघितलं. काय बाई, एवढंच? ज्वारी कधी बघितली नाही काय? बघितली. आयुष्यभर बघितली, पण चोरासारखी. खांड ज्वारीच्या कडेनं न्यायचं म्हणजे जीव मुठीत. एक मेंढरू आत घुसलं की मालकाच्या शिव्या, कधी काठ्या. तिच्या पिंढरीवर अजून वण होता त्याचा. हिरवं दिसलं की तिच्या पोटात आधी भीतीच यायची, ‘हुर्र, हुर्र, भायेर, भायेर’ असं तोंडातून निघायचं. आताही निघालं. ‘हुर्र!’ तिनं स्वतःच ऐकलं आणि ती पुन्हा हसली. कुणाला बाहेर काढतेस? कुत्रं ज्वारी खातंय होय! शेताचा मालक समोर असता तरी त्यानं काही म्हटलं नसतं. बघायला काय लागतंय, बघ तुझ्या बापाची ज्वारी. तिनं खरंच बघितली. हात लांब करून एका कणसावरून तळवा फिरवला. कणीस गार होतं, दव अजून सुकलं नव्हतं. हा सगळा हिरवा ऐवज इतकी वर्षं तिच्या दोन्ही बाजूंनी उभा होता आणि तिनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तिला एकाएकी रडू येईल असं वाटलं, पण रडू आलं नाही, आलं ते वेगळंच, अंगात मुंग्या आल्यासारखं, पळावंसं वाटण्यासारखं. ‘चल रं,’ ती पिंट्याला म्हणाली, ‘पुढं बघू काय हाय.’

परत फिरावं हे तिच्या मनातच आलं नाही. ही गोष्ट नंतर तिला कुणाला समजावून सांगता आली नसती, पण तेव्हा त्यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. मेंढरं घेऊन निघालेलं माणूस आल्या वाटेनं परत जात नाही. कशाला जाईल? चरलेल्या रानात काय ठेवलंय? सकाळी वाघर गुंडाळायची, चूल विझवायची, आणि पाठ फिरवायची ती अशी की त्या जागेकडं पुन्हा बघायचंसुद्धा नाही. चालायचं म्हणजे पुढच्या मुक्कामाला जायचं. पाय निघाले की मुक्काम पुढं असतो, मागं नसतो, हे तिच्या डोक्यात नव्हतं, पायातच होतं. मोंढ्याला वेढा घालताना प्रश्न आला नाही, गोल फिरलं की दार आपसूक समोर येतं. पण हा रस्ता सरळ होता. एक कडुलिंब गेला. फाट्यावरची चहाची टपरी आली, तिथं बसलेले दोघं ‘आजी, कुत्रं विकायला चाललाव का?’ म्हणाले, तिनं ‘तुमाला घेतो का इचारते त्याला!’ असं ठणकावलं, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज मागं पडला. एक बंद पडलेली पीठगिरणी गेली. वरून ऊन चढत होतं. गुडघे? गुडघ्यांची तिला आठवणच राहिली नव्हती. दोर तळव्यात रुतून लाल वळ उठला होता, तो तिनं दोन-तीनदा बघितला. आप्पाराव असता तर काय म्हणाला असता? नाव घ्यायची रीत नव्हती म्हणून ती मनातसुद्धा त्याला ‘हे’च म्हणायची. हे म्हणाले असते, कुत्र्याला दोर लावतेत व्हय येडे, कुत्रं कधी बांधून चालतंय का. आणि पुढं निघून गेले असते, न वळता. वाईट माणूस नव्हता. कधी अंगावर हात टाकला नाही. पण मुक्काम कुठं करायचा हे त्यानं एकदाही तिला विचारलं नव्हतं. पुढं कुठंतरी तो काठी जमिनीत रोवायचा, खांड थांबायचं, मग घोडं थांबायचं, मग ती यायची आणि चुलीचे दगड शोधायला लागायची.

वस्ती आली ती मुकी. सात-आठ घरं, सगळ्यांना कुलपं, दारांपुढं झाडलोट नाही, एका ओट्यावर उलटी टाकलेली बाज. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेवटच्या घरापुढं उन्हाला एक म्हातारा बसला होता, गुडघ्यांना उपरण्याचा वेढा देऊन. मुंजाजी नाव त्याचं, हे त्यानं न विचारताच सांगितलं, बोलायला माणूस मिळालं म्हणून त्याला कोण आनंद झाला होता. तिला पाणी दिलं, पिंट्याला जर्मनच्या वाटीत दिलं. पिंट्या वाटी चाटूनपुसून म्हाताऱ्याच्या पायाशी बसला.

‘कुत्रं कोनाचं?’

‘कोनाचंबी न्हाई. कोंडवाड्यातलं हाय. तोडीवाल्यांच्या गाडीमागं पळत सुटलतं म्हनं, तिथंच कशानं तरी उडिवलं.’

‘पळतेत खरं,’ मुंजाजी म्हणाला. ‘गाडी निगाली की समदे पळतेत. आमच्या हितलेबी पळाले. माघारी आले दुपारच्याला, जिभा काढून. तुमी फिरीवता व्हय याला? कावून?’

‘मला लई बरं वाटतंय,’ भिवराबाई म्हणाली. इतकं सरळ उत्तर आपल्या तोंडून येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. तिच्या मुलाला ते दिलं असतं तर केवढं सोपं झालं असतं. ‘तीन वर्सं बसून होते. आज असं वाटतंय की कोनी तरी मला उटवलं.’

मुंजाजीनं मान डोलावली, त्याला पटलेलं दिसलं. मग त्यानं साधंच विचारलं, ‘आन आता कुठं चाललाव?’

कुठं? हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारलेला नव्हता. विचारायचे ते आप्पारावला, पुढं चालणाऱ्याला. तिनं रस्त्याकडं बघितलं. रस्ता डोंगराच्या अंगाला वळत गेला होता, पलीकडं घाट असावा. तिकडं धुरळा नव्हता, पागोटं नव्हतं, कुणी काठी रोवून तिची वाट बघत नव्हतं. क्षणभर सगळं सुनं वाटलं, कुलपं लावलेली घरं, ती उलटी बाज, ऊन. पुढं मुक्काम नाही. आणि मागून लगेच, घशाशी हसू यावं तसं, दुसरं वाटलं. पुढं मुक्काम नाही तर मग तो मी म्हणेन तिथं! काठी नाही तर नाही, दोर आहे. ती उठली. ‘हितंच,’ तिनं मुंजाजीला सांगितलं, ‘त्या बाभळीपशी.’ वस्तीपासून हाकेच्या अंतरावर रस्त्याकडेला एक बाभूळ होती, बरी सावली धरलेली. काही कारण नव्हतं त्या बाभळीचं. तिला आवडली, बस. तिथपर्यंत ती अशा चालीनं गेली की मुंजाजी उभा राहून बघत राहिला. दोर बुंध्याला बांधला, खाली बसली, पाय लांब केले, पिंट्यानं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि तिनं चारी बाजूंना बघून घेतलं. हा माझा मुक्काम. चूल मांडायची नाही, वाघर लावायची नाही, कुणाला वाढायचं नाही. तिनं आयुष्यात निवडलेली ही पहिली जागा, आणि काय झकास निवडली होती! वारा येत होता. खाली सगळी ज्वारी दिसत होती, लांब पाटोद्याचा मोबाइलचा टॉवर दिसत होता. एवढी लांब आले मी? एवढी! तिनं आपल्याच पायांवर थाप मारली, शाबासकीची.

मोटरसायकलचा आवाज तिनं ओळखला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सोमेश्वर वस्तीपाशी थांबला, मुंजाजीनं बोट दाखवलं, आणि तो असा आला की गाडी स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही, धरूनच उभा राहिला. कामावरचेच कपडे, कमरेला पक्कड, तोंड घामानं आणि धुळीनं माखलेलं. पिंट्या भुंकला. सोमेश्वर त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

‘काय चालवलंय काय तू? आं? त्या डॉक्टरनीचा फोन आला, माय आली न्हाई म्हनून. तुझा फोन लावतोय तर घरात वाजतोय! मी खांबावर होतो, खांबावर! कसा खाली उतरलो माझं मला ठावं. काय म्हनलो होतो मी तुला? कायबी झालं तर बंद. झालं आता. बंद म्हंजी बंद!’

भिवराबाई धडपडत उठली. ‘सोमा, मला काय झालं न्हाई रं. मी पडले न्हाई, कोनाला चावलं न्हाई. बघ की, पाय बघ माझे, सूज हाय का? असं नको म्हनू. बंद नको म्हनू बाबा. त्या घरात मी बसल्या बसल्या मरत होते, तुला दिसलं न्हाई, मी दिसू दिलं न्हाई. आज मला जित्तं वाटलं. मला ह्ये पाहिजे. दुसरं मी तुला काय मागितलंय कधी?’

त्यानं गाडी बाभळीला टेकवली आणि खाली बसला, हाताचा पंजा डोळ्यांवरून फिरवला. तिला वाटलं राग ओसरला. पण त्याचा आवाज आला तो रागाचा नव्हताच, आणि ते जास्त वाईट होतं.

‘मी कसा आलो हितवर, सांगू? टपरीवर इचारलं, कुत्रं घेऊन म्हातारी गेली का हिकडून. गिरनीपशी गुराख्याला इचारलं. इचारता इचारता मला जुनं समदं आटवलं, माय. वसतिगृहात होतो तवा, सुट्टी लागली की पेटी घेऊन निगायचो मी. मागच्या खेपेला वाडा जिथं होता तिथं यायचो, तर तिथं काय? लेंड्या आन तीन दगडं. मग ह्येच. आप्पाराव धनगराचं खांड गेलं का हिकडून? कोनी म्हनायचं खाली गेलं, कोनी म्हनायचं वर. दोन-दोन दिस हिंडायचो. आज मी तेवढाच झालो बग. पेटीच न्हवती फकस्त.’

‘आरं, पन आमी सांगून ठिवायचो की लोकांना,’ ती म्हणाली. ‘सोमा आला तर सांगा म्हनून.’

‘ठिवायचा. कोन ध्यानात ठिवायचं, कोन न्हाई.’

‘तू तर हासत यायचास!’

‘सापडल्यावर हासायचो गं. सापडायच्या आदी काय व्हायचं ते तू कुठं बघितलंस?’

खरंच, कुठं बघितलं? तिच्यापाशी जो सोमा होता तो खांड ओलांडून धावत येणारा, दात काढलेला, ‘माय, घावलीस!’ म्हणून तिच्या कमरेला मिठी मारणारा. वर्षानुवर्षं तिनं तेवढाच जपला होता. त्या धावण्याआधीचं पोरगं, पेटी खांद्यावर घेऊन विझल्या चुलीपाशी उभं राहिलेलं, ते तिच्या मागच्या बाजूला राहिलं, आणि मागं तर तिनं कधी बघितलंच नव्हतं. कुणी मागं बघायला शिकवलं नव्हतं आणि थांबायला वेळ नव्हता. आता ते पोरगं समोर बसलं होतं, कानशिलावर केस पिकलेलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘माघारी कसं यायचं ते मला ठावंच न्हवतं रं,’ ती म्हणाली. बोलताना तिला जाणवलं की हे नुसतं आजचं नाही, सगळ्याच जन्माचं आहे, आणि तरीही आज काहीतरी करता येण्यासारखं होतं. उशीर झाला होता, पण संपलं नव्हतं. त्या विचारानं तिच्या अंगात पुन्हा तेच चढलं, तीच धडधड.

पुढं बराच घोळ झाला. पिंट्याला मोटरसायकलवर बसवायचा सोमेश्वरनं प्रयत्न केला, पिंट्यानं त्याच्या पँटवर चारही पाय पुसले आणि खाली उडी घेतली. मग पेट्रोलच्या टाकीवर आडवा टाकून बघितला, तर त्यानं असा गळा काढला की मुंजाजी काठी टेकत बघायला आला. ‘ह्ये न्हाई बसायचं,’ मुंजाजीनं निकाल दिला. सोमेश्वर हसणार नव्हता, पण हसला. मग पुन्हा कपाळाला आठी घातली. ‘मी गाडी ढकलत येतो तुझ्यासंगं.’

‘नको. खांबावरचं काम तसंच हाय ना तुझं? तू जा.’ तिनं दोर सोडून मनगटाला गुंडाळला. ‘मी येते माघारी.’

‘येतीस?’

‘येते.’

‘ह्याच वाटंनं?’

‘ह्याच वाटंनं. मुंजाजीभाऊंचं घर, गिरनी, टपरी, लिंब, ज्वारी. समदं पाठ झालंय मला.’

सोमेश्वर तिच्याकडं बघत राहिला. मोठं माणूस कसं बघतं तसं नाही, पेटीवालं पोरगं बघेल तसं. मग त्यानं गाडीला किक मारली आणि आवाजातूनच म्हणाला, ‘काम उरकून घरीच येतो. मी जेवायचा थांबतो मग. तू आल्यावर बसू.’ गाडी निघाली. थोडी पुढं गेली आणि थांबली. भिवराबाईला वाटलं, झालं, याचा विचार बदलला. पण तो मान मागं वळवून नुसता ओरडला, ‘उद्या फोन घेऊन जायचं! घरी ठिवलास तर बघ!’

उद्या म्हणाला! मुंजाजीभाऊ, ऐकलं का, उद्या म्हणाला. मुंजाजीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिचं तोंड बघून त्यानंही हसून मान हलवली. गाडी वळणाआड गेली. भिवराबाईनं पाटोद्याकडं तोंड केलं आणि बघते तो काय, हा तो रस्ताच नव्हता! मघाशी चढ होता तिथं उतार, मघाशी डावीकडं असलेली घरं उजवीकडं, डोंगर पाठीला आणि समोर सगळा मुलूख उघडा पडलेला. आलेली वाट परत जाताना अशी दिसते? निराळी? आणि माणसं हे रोज बघतात? पिंट्या रस्त्याच्या मधोमध बसकण मारून डोंगराकडंच तोंड करून होता, त्याला अजून पुढंच जायचं होतं. तिनं दोराला हलका हिसका दिला, त्याच्या कानाशी वाकली.

‘चल रं बाबा, उट. घरी लेकरू जेवायचं थांबनार हाय.’